फिरवायला नऊ दिवस, थांबवायला चौदा महिने

बिनतारी ड्रिलची मोटर माझ्या हातून पहिल्यांदा फिरली ती कामाच्या नवव्या दिवशी. व्हाइसमध्ये आवळलेली उघडी मोटर, शेजारी सहा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेला बोर्ड, दोन अँपिअरवर मर्यादा लावलेला प्रयोगशाळेतला वीजपुरवठा आणि भीतभीत दाबलेले एक बटण एवढ्या सामग्रीवर ती घूं करून फिरू लागली, तेव्हा अर्धे काम संपले असे मला मनापासून वाटले. वेळापत्रकात सॉफ्टवेअरसाठी चार महिने धरले होते आणि त्यातले दोन मी मनातल्या मनात वाचवूनही टाकले. प्रत्यक्षात ते सॉफ्टवेअर उत्पादनाकडे सोपवायला चौदा महिने लागले. त्या काळात मोटर फिरवणाऱ्या कोडमध्ये फारसा बदल झालाच नाही. उरलेला सगळा वेळ ती मोटर कधी थांबवायची, कशी थांबवायची आणि कोणत्या वेळी अजिबात थांबवायची नाही, हे ठरवण्यात गेला.

वरवर पाहता अशा अवजाराची रचना साधी असते. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे पाच सेल एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.६ धरला तर बेरीज १८ येते आणि पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर जात असल्यामुळे ताजा पॅक २१ व्होल्ट दाखवतो. मोटर ब्रशविरहित आणि तीन फेजची, म्हणजे तिच्यात तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचे (वाइंडिंगचे) तीन संच असतात. तिच्या रोटरची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, स्थिती चुंबकक्षेत्र ओळखणारे तीन हॉल सेन्सर सांगतात. या तीन सेन्सरच्या आठ संभाव्य अवस्थांपैकी सहाच वैध असतात, त्यामुळे तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक असे वाचन आले तर वायर किंवा सेन्सर गेला असे समजायचे. प्रत्येक वैध अवस्थेत कोणता वरचा (पुरवठ्याच्या धन बाजूचा) आणि कोणता खालचा (ऋण बाजूचा) मॉस्फेट चालू ठेवायचा याचे सहा ओळींचे कोष्टक केले की मोटर फिरते, आणि म्हणूनच ती नवव्या दिवशी फिरली. आमची मोटर बिनभार अवस्थेत मिनिटाला २५,००० फेऱ्यांपर्यंत जात असे आणि तिला ध्रुवांच्या दोन जोड्या होत्या, त्यामुळे एका फेरीत सहा ओळींचे कोष्टक दोनदा संपे. म्हणजे सेकंदाला ५,००० वेळा, दर २०० मायक्रोसेकंदांनी एकदा, कोष्टकातली ओळ बदलणे भाग होते. कोड चालवणारी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, कॉर्टेक्स-एम० प्रोसेसर-गाभ्याची, ४८ मेगाहर्ट्झची होती आणि तिच्यात ३२ किलोबाइट फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी स्मृती) व ४ किलोबाइट रॅम (वीज जाताच पुसली जाणारी स्मृती) होती. या गाभ्याला भागाकाराची सूचनाच नसते, त्यामुळे घाईच्या ठिकाणचा प्रत्येक भागाकार गुणाकार आणि शिफ्ट (द्विमान अंक सरकवणे) यांत बदलून लिहावा लागला. ते कंटाळवाणे असले तरी अवघड नव्हते.

पहिला बोर्ड मी अकराव्या दिवशी जाळला. संगणकावरच्या सॉफ्टवेअरची सवय असलेल्या माणसाला जे सहज सुचते तेच मी केले होते: मोटर चालू असताना एका ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड तिथे थांबवणारी खूण, लावला. प्रोसेसर आज्ञाधारकपणे थांबला, पण मॉस्फेट त्या क्षणी ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत राहिले. कोष्टकातली ओळ बदलणारे कोणी उरले नाही, टायमरही त्या बिंदूवर गोठला, आणि रोटर थांबल्यावर त्याच्या फिरण्याने तयार होणारा विरोधी व्होल्टेज नाहीसा झाल्याने एका वाइंडिंगमधून केवळ तांब्याच्या रोधाने अडवला जाणारा करंट वाहू लागला. वीजपुरवठ्याची मर्यादा मी आदल्या दिवशीच उत्साहाने वाढवून ठेवली होती. फट् असा आवाज झाला आणि खोलीभर तो ओळखीचा वास पसरला. आमच्या हार्डवेअर विभागातले ज्येष्ठ सहकारी काही न बोलता दुसरा बोर्ड घेऊन आले आणि त्यांनी मला चिपच्या माहितीपुस्तिकेतले एक पान उघडून दाखवले. डिबगरने (कोडमधल्या चुका शोधण्याच्या साधनाने) प्रोसेसर थांबवला तर टायमरची सर्व आउटपुट सुरक्षित पातळीवर न्यावीत, अशी एका रजिस्टरमधली सोय तिथे दिलेली होती. त्या दिवसापासून नवीन प्रकल्पात मोटर फिरवण्याआधी मी ती एक ओळ लिहिते. चालत्या मोटरवर ब्रेकपॉइंट लावणे मी कायमचे सोडले. त्याऐवजी रॅममध्ये एक छोटी नोंदवही ठेवायची, तिच्यात शेवटच्या काही शे घटना टिपायच्या आणि मोटर थांबल्यावर त्या वाचायच्या, अशी पद्धत बसवली.

यानंतर बॅटरीची पाळी आली, आणि तिथे मी सर्वांत जास्त अडकले. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये पहिले बिनतारी ड्रिल आणले, त्यानंतरची कित्येक दशके ही अवजारे निकेल-कॅडमियमवर चालली आणि त्यांना सॉफ्टवेअरची फारशी गरज भासली नाही. बॅटरी उतरली की ड्रिल मंदावायचे, वापरणाऱ्याला ते हाताला कळायचे आणि तो पॅक बदलायचा. लिथियम-आयनला असे मरेपर्यंत राबवता येत नाही. सेल सुमारे अडीच व्होल्टच्या खाली वारंवार गेला तर आतले तांबे विरघळू लागू शकते, क्षमता कायमची घटते आणि असा सेल पुन्हा भरणे धोक्याचे ठरते. म्हणून मी पहिल्या आवृत्तीत सरळ नियम लिहिला, की पाच सेलचा मिळून व्होल्टेज १२.५ च्या खाली गेला की मोटर बंद. टेबलावर तो उत्तम चालला. लाकडात जाड बिट घातल्यावर मात्र पॅक अर्धा भरलेला असतानाच ड्रिल बंद पडू लागले.

कारण गणिताने लगेच सापडते, फक्त ते गणित आधी करायला हवे होते. सेलचा आंतरिक रोध सुमारे २० मिलिओहम धरला तर पाच सेलचे १०० होतात, आणि संपर्कपट्ट्या व वायरी यांचे ३० धरले तर एकूण १३०. अर्ध्या भरलेल्या पॅकचा मोकळा (भार नसतानाचा) व्होल्टेज १८.३ च्या आसपास असतो. ४० अँपिअर ओढले की त्यातले ५.२ व्होल्ट रोधातच जातात आणि ड्रिलपाशी १३.१ उरतात. म्हणजे खोलीच्या तापमानाला, नव्या पॅकवर आपण कसेबसे वाचतो. पॅक थंड असेल किंवा जुना झाला असेल तर रोध सहज दुप्पट होतो आणि मग सेलमध्ये भरपूर ऊर्जा शिल्लक असतानाही बाहेरून तो पूर्ण उतरल्यासारखा दिसतो. शिवाय मोटर सुरू होताना पहिले काही मिलिसेकंद करंट ४० च्या कितीतरी वर जातो, तो भाग वेगळाच.

यावर मी घाईघाईने केलेला उपाय म्हणजे अर्ध्या सेकंदाची सवलत. व्होल्टेज सलग अर्धा सेकंद खाली राहिला तरच बंद करायचे. त्यामुळे अर्ध्या पॅकवर बंद पडणे थांबले, पण आता खरोखर उतरलेल्या पॅकवर ड्रिल वेगळेच वागू लागले. अर्धा सेकंद चालायचे, बंद व्हायचे, भार जाताच सेलचा व्होल्टेज सावरायचा, सॉफ्टवेअरला सगळे आलबेल वाटायचे आणि मोटर पुन्हा सुरू व्हायची. बोट ट्रिगरवर तसेच ठेवले तर ड्रिल उचकी लागल्यासारखे गचके देत सेलमधला शेवटचा थेंबही शोषून घ्यायचे. एकदा बंद झाल्यावर ट्रिगर पूर्ण सुटल्याशिवाय पुन्हा सुरू व्हायचे नाही, हा नियम तेव्हा आला आणि तो पुढे इतर सर्व बंद होण्यांनाही लावला.

शेवटी जी पद्धत टिकली ती अशी. ट्रिगर दाबताना करंट किती वाढला आणि त्याच वेळी व्होल्टेज किती उतरला, यावरून सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी पॅकच्या रोधाचा अंदाज करते आणि तो हळूहळू सुधारत नेते. त्या रोधाने चालू करंटला गुणून येणारा व्होल्टेज मोजलेल्या व्होल्टेजमध्ये मिळवला की सेलची आतली खरी पातळी बऱ्यापैकी कळते, आणि पॅक संपला का याचा निर्णय तिच्यावरून निवांतपणे घेता येतो. मोजलेल्या व्होल्टेजसाठी स्वतंत्र, खालची आणि तातडीची मर्यादा ठेवली, कारण मॉस्फेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला) चालवणारी चिप साधारण आठ व्होल्टच्या खाली नीट काम करीनाशी होते आणि अर्धवट उघडलेला मॉस्फेट क्षणार्धात तापतो. या दोन पातळ्यांच्या मधल्या पट्ट्यात मोटर बंद न करता करंटची कमाल मर्यादा कमी करत न्यायची, म्हणजे ड्रिल जुन्या निकेल-कॅडमियमसारखे मंदावते आणि वापरणाऱ्याला पॅक बदलायची वेळ आल्याचे हातालाच कळते. हा शेवटचा भाग मला आजही सर्वांत आवडतो, जरी तो कोणाच्या लक्षात येत नाही. एक गोष्ट मात्र ड्रिलच्या बाजूने कधीच कळत नाही: चार सेल ३.३ वर आणि पाचवा दीड व्होल्टवर असला तरी बेरीज १४.७ म्हणजे निर्धोक दिसते. त्यामुळे एकेका सेलवर नजर ठेवण्याचे काम पॅकमधल्या छोट्या बोर्डनेच केले पाहिजे आणि त्याने एका पिनवरून ‘थांब’ म्हटले की ड्रिलने वाद न घालता थांबले पाहिजे.

मोटर अडकल्यावर काय करायचे, हा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. बिट लाकडात रुतली की वेग शून्य आणि करंट कमाल असतो. मॉस्फेटजवळ बसवलेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) तापेपर्यंत मॉस्फेटच्या आतला सिलिकॉन कधीच जळून गेलेला असतो. म्हणून करंटच्या वर्गाची बेरीज करत जाऊन आणि तिच्यातून ठरावीक गतीने गळती (बाहेर जाणारी उष्णता) वजा करत सॉफ्टवेअर तापमानाचा अंदाज स्वतःच चालवते, हे सर्वपरिचित आहे. माझ्याकडून सुटले ते वेगळेच. चाचणीला दिलेल्या अवजारांपैकी एक ज्यांच्याकडे होते, त्यांनी तीन दिवसांत शोध लावला की ड्रिल गरम होऊन बंद पडले तर पॅक काढून पुन्हा लावायचा, म्हणजे ते लगेच चालू होते. अर्थातच होत होते, कारण पॅक काढला की माझा तापमानाचा अंदाज रॅमसकट पुसला जाई आणि नव्याने सुरू झालेले सॉफ्टवेअर मोटर थंडगार आहे असे समजे. त्यानंतर सुरुवातीचा अंदाज थर्मिस्टरच्या वाचनावरून, तोही मुद्दाम चढा, धरायला मी सुरुवात केली.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी तीन आठवडे चुकीच्या ठिकाणी शोधत होते. ट्रिगर सोडल्यावर चक (बिट पकडणारा पुढचा भाग) पटकन थांबावा म्हणून खालचे तिन्ही मॉस्फेट चालू करून मोटरच्या वाइंडिंग एकमेकींना जोडायच्या, मग मोटर जनित्र बनते आणि स्वतःलाच रोखते. पूर्ण वेगात असताना हा करंट फार मोठा होतो, म्हणून मी ते मॉस्फेट सतत चालू न ठेवता वेगाने चालू-बंद करत होते. प्रयोगशाळेत हजारो वेळा ब्रेक लावूनही काही बिघडले नाही. पहिल्या पूर्ण जोडलेल्या अवजारांत मात्र मॉस्फेट मरू लागले आणि सगळे मरायचे ते ट्रिगर सोडण्याच्या क्षणी. मी कोष्टके तपासली, वरचा व खालचा मॉस्फेट एकाच वेळी चालू होऊ नयेत म्हणून ठेवलेला मधला विराम दुप्पट केला, आणि मॉस्फेटच्या एका खेपेवर संशय घेऊन ते बदलूनही पाहिले. फरक शेवटी कोडमध्ये नव्हताच. प्रयोगशाळेत वीजपुरवठ्याच्या जागी मी थेट पॅक जोडत असे. अवजारात मात्र मोटरकडे जाणारा मुख्य संपर्क ट्रिगरच्या आतच होता आणि बोट सुटताच तो पॅकला बोर्डापासून तोडत होता. खालचे मॉस्फेट बंद होण्याच्या प्रत्येक क्षणी वाइंडिंगमधला करंट वरच्या मॉस्फेटमधल्या डायोडमधून (एकाच दिशेने करंट जाऊ देणाऱ्या वाटेने) पुरवठ्याच्या वायरीकडे जातो. पॅक जोडलेला असेल तर तो ही ऊर्जा मुकाट्याने गिळतो. पॅक नसेल तर ती बोर्डवरच्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठते. फिरत्या रोटरमध्ये दहा ज्यूलच्या आसपास ऊर्जा होती, आणि तो कपॅसिटर २० व्होल्टवरून ४० वर जायला ०.३ ज्यूलही लागत नव्हते. मॉस्फेट जास्तीत जास्त ४० व्होल्ट सोसणारेच होते.

ऑसिलोस्कोपवर तो व्होल्टेज उसळताना पाहिला तेव्हा मला आधी हायसे वाटले आणि मग लाज वाटली, कारण मंडलाचे चित्र पहिल्या दिवसापासून माझ्या भिंतीवर टांगलेले होते आणि ट्रिगरमधला तो संपर्क त्यात स्पष्ट काढलेला होता. दुरुस्ती अशी झाली की वेग जास्त असताना मोटरला काही काळ नुसती घरंगळू द्यायची, घर्षणाने वेग ठरलेल्या मर्यादेखाली आला की खालचे तिन्ही मॉस्फेट मध्ये न थांबता सलग चालू करायचे, आणि पुरवठ्याचा व्होल्टेज २८ च्या वर दिसला तर बाकी काहीही चालू असले तरी हेच करायचे.

यापुढची चूक शोधायला लागलेला वेळ मी कधी मोजला नाही. चाचणी करणाऱ्या एक-दोघांनी सांगितले होते की मोकळ्या वेगात फिरताना ड्रिलला ‘कधीतरी’ एक झटका बसतो. कधी, असे विचारले की उत्तर नसे. मला तो झटका कधीच दिसला नाही. अखेर टिकाऊपणाच्या चाचणीसाठी दोन अवजारे दिवसरात्र चालू-बंद होत होती, त्यांच्या करंटच्या नोंदी मी बसून चाळल्या. दोन्हींमध्ये करंटचे उंच टोक अधूनमधून येत होते आणि मोटर प्रत्यक्ष चालल्याचा वेळ तेवढा जोडत गेले तर दोन टोकांमधले अंतर प्रत्येक वेळी १२८ मिनिटे भरत होते. १२८ हा आकडा, म्हणजे दोनाचा घात, पाहिल्यावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोणाच्याही मनात जे येईल तेच माझ्या मनात आले. मोटर किती वेळ चालली याची आठ बाइटची नोंद मी दर मिनिटाला फ्लॅशमध्ये करत होते. फ्लॅशच्या एक किलोबाइटच्या पानात, म्हणजे एका वेळी पुसल्या जाणाऱ्या तुकड्यात, अशा १२८ नोंदी मावतात; पान भरले की सॉफ्टवेअर पुढचे पान पुसून घेई. त्या चिपवर पान पुसायला वीस-बावीस मिलिसेकंद लागतात, आणि कोडही त्याच फ्लॅशमध्ये असल्यामुळे तेवढा वेळ प्रोसेसर पुढची सूचनाच वाचू शकत नाही. ज्या मोटरला दर २०० मायक्रोसेकंदांनी नवी ओळ हवी तिला शंभर ओळी मिळाल्याच नाहीत, आणि रोटर एकाच गोठलेल्या अवस्थेवर आपटत राहिला. मोटर चालू असतानाच वेळ मोजला जात असल्याने हा अपघात नेमका मोटर चालू असतानाच घडणार, अशी चोख व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली होती. आता मोटर चालू असताना नोंद रॅममध्येच राहते. ट्रिगर सुटून चक थांबल्यावर, व्होल्टेज पुरेसा आहे हे पाहून ती फ्लॅशमध्ये जाते. मधेच कोणी पॅक उपसला तरी जुनी नोंद शाबूत राहावी म्हणून दोन पाने आळीपाळीने वापरली जातात आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक व तपासणी-बेरीज (नोंद बिघडलेली नाही हे पडताळणारा आकडा) जोडलेली असते.

अवजार बंद असणे हीसुद्धा एक अवस्था आहे आणि तिचेही कोड लिहावे लागते, हे मला एका मृत पॅकने शिकवले. काम संपल्यावर दिवा काही सेकंद चालू राहावा म्हणून मायक्रोकंट्रोलरला पॅककडून एक बारीक स्वतंत्र वायर होती. झोपलेल्या अवस्थेत तो जेमतेम काही मायक्रोअँपिअर घेत असे, म्हणजे पॅक कित्येक वर्षे उतरू नये. तरीही आठवडाभर कपाटात ठेवलेल्या एका ड्रिलचा दोन अँपिअर-तासांचा पॅक पार रिकामा निघाला. २००० मिलिअँपिअर-तासांना सात दिवसांच्या १६८ तासांनी भागले की १२ मिलिअँपिअर येतात, आणि तिन्ही हॉल सेन्सर मिळून जवळपास तेवढेच घेतात. म्हणजे कोणीतरी सेन्सर चालू करून झोपी गेले होते. झोपण्यापूर्वी माझे कोड ‘ट्रिगर हलला का’ हे चिन्ह तपासत असे आणि नसेल तर झोपेची सूचना देत असे. तपासणी आणि झोप यांच्या मधल्या त्या सूक्ष्म फटीत ट्रिगरला ओझरता स्पर्श झाला तर इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरे छोटे काम करायला लावणारा संकेत) येई, सेन्सरचा पुरवठा सुरू करी, चिन्ह लावी आणि परत जाई. त्यानंतर प्रोसेसर ते चिन्ह न पाहताच झोपे. उपाय तीन ओळींचा आहे: इंटरप्ट रोखून धरूनच तपासायचे आणि त्याच अवस्थेत झोपायचे, कारण कॉर्टेक्स-एम गाभा रोखलेला इंटरप्ट आला तरी जागा होतो, आणि जाग आल्यावर परवानगी दिली की तो इंटरप्ट रीतसर चालतो. या तीन ओळींपुढची टिप्पणी मी अकरा ओळींची लिहिली आहे.

हातात धरून चालवायच्या विद्युत अवजारांसाठी आयईसीची (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाची) ६२८४१ ही मानकांची मालिका आहे आणि तिचा पहिला भाग २०१४ मध्ये आला. ज्या इलेक्ट्रॉनिक्सवर सुरक्षितता अवलंबून आहे, त्यातला एखादा घटक बिघडला तर काय होईल, याचा हिशेब तिच्यात मागितला जातो. मी ते कागदी काम समजून शेवटी ठेवले होते, ही माझी चूक. बसून यादी करायला लागल्यावर पहिल्याच तासात दिसले, की ट्रिगर किती दाबला हे मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरची ग्राउंडकडची (शून्य व्होल्टकडची) वायर तुटली तर वाचन कमाल येते, म्हणजे कोणी न दाबता ड्रिल पूर्ण वेगाने सुटेल. म्हणून पोटेन्शिओमीटरच्या जोडीला स्वतंत्र संपर्काचा संकेत घेतला. दोघांचे म्हणणे जुळले तरच मोटर फिरते. पॅक लावताना ट्रिगर आधीच दाबलेला असेल तर तो एकदा सुटेपर्यंत काहीही सुरू होत नाही, हेही त्याच यादीतून आले.

त्या यादीतली एक ओळ होती ‘मुख्य लूप अडकला तर’, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा मुख्य कोड एकाच जागी खिळला तर. तिच्यापुढे मी आत्मविश्वासाने ‘वॉचडॉग’ असे लिहिले; कोडने वेळोवेळी थोपटले नाही तर चिप रिसेट करणारा हा टायमर. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “पाहिलंय का तसं करून?” मी पाहिले नव्हते. मुख्य लूपमध्ये मुद्दाम अनंत चक्र घालून मी ट्रिगर दाबला, मोटर फिरली. मग ट्रिगर सोडला आणि मोटर फिरतच राहिली. वॉचडॉगला थोपटण्याचे काम मी एका टायमर इंटरप्टमध्ये ठेवले होते, कारण तिथे ते वेळेवर होई. मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट जिवंत होता, तो वॉचडॉगला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत होता आणि शेजारचा इंटरप्ट इमानेइतबारे कोष्टकातल्या ओळी बदलत मोटर फिरवत होता. ट्रिगर वाचणारे मात्र कोणी नव्हते. या प्रयोगात ट्रिगर नुसता संकेतासाठी जोडलेला होता आणि त्याच्यातला मुख्य संपर्क वगळलेला होता, म्हणून हे दिसले. हातातल्या अवजारात तो संपर्क सुटताच मोटर थांबली असती. पण जास्त करंटने संपर्क चिकटू शकतात, आणि तो चिकटलेला असता तर या दोषापुढे काहीच उरले नसते. पॅक उपसून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आता मुख्य लूपमधले प्रत्येक काम आपापली हजेरी लावते, सगळ्यांची हजेरी भरली तरच वॉचडॉग थोपटला जातो, आणि तो ठरल्यापेक्षा लवकर थोपटला गेला तरीही चिप रिसेट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रिगरचा स्वतंत्र संकेत आता गेट चालवणाऱ्या चिपच्या परवानगीच्या पिनपर्यंत सॉफ्टवेअरला न विचारता जातो. संकेत गेल्यावर एक साधे रोध-कपॅसिटर मंडल ती परवानगी सेकंदभरच टिकवते, म्हणजे ब्रेकपुरता वेळ मिळतो आणि त्यानंतर माझ्या कोडने काहीही ठरवले तरी मॉस्फेट चालू राहत नाहीत.

तेराव्या महिन्यात ड्रिल एका अनुभवी सुतारांच्या हाती दिले. त्यांनी बॅटरी, तापमान, झटके यांपैकी कशाबद्दलही अवाक्षर काढले नाही. ट्रिगर हलकासा दाबून स्क्रूचे टोक लाकडात बसवताना वेग एकदम उडी मारतो, अशी त्यांची पहिली तक्रार होती. ट्रिगर आणि वेग यांचे नाते मी सरळ रेषेत ठेवले होते; ते वर्गाच्या वक्रावर नेले आणि सुरुवातीच्या एक तृतीयांश भागात हाताला भरपूर जागा मिळाली. दुसरी तक्रार ऐकून मी गोंधळले. “थांबतं फार जोरात,” ते म्हणाले, “बिट ढिली होते.” मी प्रत्येक वेळी चक हाताने घट्ट आवळून पाहत होते, त्यामुळे मला ते जाणवले नव्हते. त्यांनी सलग तीस-चाळीस स्क्रू मारून दाखवले तेव्हा दिसले, की बिनचावीच्या चकची बाहेरची बाही स्वतःच्या जडत्वामुळे ब्रेकनंतर किंचित पुढे फिरते आणि प्रत्येक वेळी पकड थोडी थोडी सुटत जाते.

शेवटच्या महिन्यात म्हणून मी ब्रेक पुन्हा लिहिला. घरंगळण्याचा काळ थोडा वाढवला, मग आधी दोनच फेज जोडायच्या आणि वेग आणखी उतरल्यावर तिसरी, असा टप्पा घातला. ते दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी चाळीस स्क्रू मारले, चकची बाही बोटांनी चाचपली आणि पुढचा स्क्रू उचलला.